चढणाऱ्याची दोरी क्रेनला बांधताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

विदर्भातल्या खेड्यांत मोठे झाड काढण्याची कामे बहुतेक करून चैत्रापासून मृग लागेपर्यंत निघतात. वाळलेली चिंच गुरांच्या कोठ्यावर झुकलेली असते, वीज पडून चिरलेला कडुनिंब घराच्या कवेलूंवर टेकायला आलेला असतो, आणि पहिल्या वादळाच्या आत तो उतरवला पाहिजे असे घरच्यांना वाटत असते. अशा खोडावर चढणाऱ्याने स्वतःचा भार टाकावा एवढा त्याचा भरवसा उरलेला नसतो, म्हणून क्रेन बोलावली जाते आणि चढणाऱ्याची दोरी झाडाऐवजी क्रेनला बांधण्याचा विचार पुढे येतो. हा लेख त्या एका जोडणीविषयी आहे: ती कोठे करावी, कोठे करू नये आणि केव्हा सोडलीच पाहिजे. दोरीवर चढण्या-उतरण्याचा सराव ज्याला आधीपासून आहे, त्याच्यासाठी तो लिहिला आहे. त्यानेही पहिली काही कामे अनुभवी माणसाच्या नजरेखालीच करावीत.

आधी गरज तपासावी

माणसाला क्रेनने वर नेणे हा अपवाद आहे. अमेरिकेतल्या झाडकामाच्या ‘एएनएसआय झेड १३३’ या सुरक्षा मानकात त्याला परवानगी आहे, पण अटींवर. म्हणून झाडाखाली उभे राहून प्रथम इतर मार्ग मोजावेत. झाड मोकळ्या वावरात असेल आणि पडायला जागा असेल तर ते जमिनीवरूनच पाडावे. बकेट, म्हणजे माणूस उभा राहील असा पिंजरा, लावलेली गाडी झाडापर्यंत पोहोचत असेल तर तीच घ्यावी. शेजारी दुसरे निकोप झाड असेल तर दोरी त्याच्या भक्कम फांदीवर घेता येते. खोड धडधाकट असेल, तर चढणाऱ्याने नेहमीप्रमाणे झाडालाच बांधून घ्यावे आणि क्रेनचा उपयोग केवळ ओंडके उतरवण्यासाठी करावा. यांपैकी काहीच जमत नसेल, तेव्हाच पुढचे वाचावे.

खोडाची परीक्षा हातोडीने करता येते: जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंत चहूबाजूंनी ठोकत जावे, पोकळ भागाचा आवाज मडक्यासारखा येतो. बुंध्याशी आलेली भूछत्रे, सालीखालचा भुसा आणि एका बाजूने उचललेली माती ही आतून कुजल्याची किंवा मुळे सुटल्याची लक्षणे आहेत. याच फेरीत मान वर करून आग्या मोहोळ शोधावे. उंच चिंच, वड आणि पिंपळ ही या माशांची आवडती झाडे आहेत, आणि दोरीवर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मोहोळ दिसले तर ते जाणत्या माणसाकडून काढून घेईपर्यंत काम पुढे ढकलावे.

झाड तोडण्याच्या परवानगीचा प्रश्न क्रेन ठरवण्यापूर्वीच मिटवावा. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि झाड स्वतःच्या धुऱ्यावरचे असले तरी परवानगी लागते.

क्रेन आणि तिच्याखालची जमीन

तालुक्याच्या गावी ‘क्रेन पाहिजे’ म्हटले की बहुधा हायड्रा येते. तिला आउटरिगर, म्हणजे बाजूंना पसरून जमिनीवर टेकणारे पाय, नसतात, ती टायरांवर उभी राहूनच वजन उचलते, आणि मध्ये वळणारी तिची चेसिस वळली की तिची क्षमता घटते. रस्त्यावर पडलेला ओंडका ट्रॉलीत भरण्यासाठी हायड्रा उत्तम आहे. माणूस टांगण्यासाठी ती वापरू नये. आउटरिगर असलेली, बूम (क्रेनचा लांब हात) लांब होणारी ट्रकवरची क्रेन मागवावी. तिचे तीन गुण ऑपरेटरकडून स्वतः पाहून घ्यावेत. हुक खाली येताना तो इंजिनाच्या ताकदीवर, ताब्यात राहून यायला हवा. ब्रेक सोडून मोकळा घरंगळणारा ड्रम (वायर रोप, म्हणजे क्रेनची तारेची दोरी, गुंडाळणारे पिंप) माणसासाठी वर्ज्य आहे. हुक वर जात जात बूमच्या टोकाला भिडण्यापूर्वी यंत्र आपोआप थांबवणारा लिमिट स्विच चालू असायला हवा. आणि क्रेनची तपासणी सक्षम व्यक्तीने वर्षाच्या आत केल्याचा कागद हवा. कारखान्यांतल्या उचलयंत्रांना कायद्याने बारा महिन्यांतून एकदा अशी तपासणी लागते, आणि तेवढीच अपेक्षा आपण गावातल्या कामावर ठेवावी.

क्षमतेविषयी नवख्यांची एक ठाम गैरसमजूत असते. क्रेनवर १४ टन लिहिलेले असले तरी ती १४ टन उचलते ते हुक अगदी जवळ असताना. बूम लांब आणि आडवी होत गेली की हा आकडा झपाट्याने खाली येतो. म्हणून क्रेन ज्या मध्याभोवती फिरते तिथपासून झाडापर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि त्या अंतरासमोर क्रेनच्या क्षमतेच्या तक्त्यात काय लिहिले आहे ते ऑपरेटरसोबत वाचावे. माणूस टांगलेला असताना त्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा जास्त भार असू नये, असा अमेरिकेतला बांधकाम-नियम आहे, आणि आपणही तो पाळावा. तक्त्यात १२०० किलो असतील तर आपल्यासाठी ते ६०० आहेत, आणि त्यात हुक व साखळदंडाचे वजनही धरायचे आहे.

आता जमीन. आपली काळी भारी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कडक दिसते, पण तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात, आणि एखादा वळवाचा पाऊस झाला की तीच जमीन लोण्यासारखी होते. आउटरिगरचा पाय साधारण ३० सेंटीमीटर बाजूचा असतो. त्याच्यावर १० टन आले तर प्रत्येक चौरस मीटरमागे ११० टनांहून अधिक दाब पडतो. तोच पाय एक मीटर लांब-रुंद पसरलेल्या लाकडी स्लीपरांच्या थरावर ठेवला तर दाब १० टनांवर येतो. त्यामुळे चारही पायांखाली स्लीपर घालावेत, ते आडवे-उभे असे दोन थरांत रचावेत आणि खालची जमीन कुदळीने सपाट करूनच रचावेत. घरमालकाला आणि त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, कारण बुजवलेली विहीर, जुना उकिरडा, शोषखड्डा आणि ठिबकची पाइपलाइन यांचा पत्ता त्यांनाच असतो. एकदा आमच्या क्रेनचा मागचा उजवा पाय अशाच बुजवलेल्या खतखड्ड्यावर आला होता. वजन उचलण्याआधीच तो वीतभर खचला, म्हणून निभावले. तेव्हापासून मी आउटरिगर टेकल्यावर बूम चारही कोपऱ्यांवर रिकामी फिरवून घेतो, दहा मिनिटे थांबतो आणि मग लेव्हल पुन्हा पाहतो. क्रेन जवळजवळ पूर्ण समपातळीत असली पाहिजे. माणूस उचलताना १ टक्क्यापेक्षा जास्त उतार चालत नाही, म्हणजे एका मीटरला एक सेंटीमीटर.

विजेच्या तारा

तारांबाबत मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. ‘लाईन गेलेली आहे’ याचा अर्थ लाईन बंद केली आहे असा होत नाही. शेतीच्या फिडरवर वीज कधी येईल याचा नेम नसतो, आणि शेजारच्या जनरेटरमधून किंवा इन्व्हर्टरमधून वीज उलटी तारेत येऊ शकते. बूम, ओंडका किंवा दोरी यांपैकी काहीही तारेपासून ६ मीटरच्या आत येण्याची शक्यता असेल, तर महावितरणकडून रीतसर परमिट घ्यावे, लाइनमनने तार बंद करून अर्थिंग केलेले डोळ्यांनी पाहावे, आणि तो माणूस काम संपेपर्यंत जागेवर थांबेल असे ठरवून घ्यावे. तोंडी निरोपावर माणूस वर पाठवू नये.

दोरीचा आधार

आता मुख्य काम. क्रेनचा हुक ओंडक्यासाठी बनवलेला आहे. त्यात पट्टा सहज अडकावा आणि सहज निघावा अशी त्याची रचना असते, आणि जे सहज निघते त्यावर माणूस टांगणे धोक्याचे आहे. म्हणून चढणाऱ्याच्या दोरीला हुकाच्या वर, लोखंडी गोळ्यावर किंवा हुकब्लॉकवर (हुक ज्याला लटकतो त्या पुलीच्या ठोकळ्यावर), स्वतंत्र आधारबिंदू असला पाहिजे. हा बिंदू क्रेनच्या उत्पादकाने दिलेला किंवा सक्षम व्यक्तीने तपासून लेखी मान्य केलेला असावा, हुकात ओंडका अडकवताना किंवा सोडताना तो हलता कामा नये, आणि बूमच्या टोकाखाली दोरीने लोंबणाऱ्या लिमिट स्विचच्या वजनाला त्याने अडथळा करता कामा नये. लिमिट स्विचची दोरी आणि चढणाऱ्याची दोरी एकमेकींत गुंतल्या तर आपोआप थांबणारे यंत्र थांबत नाही.

असा बिंदू आपल्याकडे भाड्याने येणाऱ्या बहुतेक क्रेनवर नसतो. तो नसेल तर दोनच पर्याय उरतात: माणूस वर पाठवू नये, किंवा त्या फेरीपुरता हुक फक्त माणसासाठी राखून ठेवावा, म्हणजे माणूस लटकलेला असताना त्या हुकात लाकडाचा पट्टा अजिबात अडकवू नये. दुसरा पर्याय घेतला तर जोडणी अशी करावी. नट आणि कॉटर पिन असलेला बो शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी गोल कमानीची लोखंडी कडी, घ्यावा. नुसत्या आट्यांवर बसणारी पिन हालचालीने उलगडू शकते. शॅकलची पिन हुकाच्या पोटात बसवावी आणि त्याच्या गोल कमानीत चढणाऱ्याच्या दोरीची कडी किंवा पुली अडकवावी. हुकाची जीभ, म्हणजे हुकाचे तोंड बंद करणारी स्प्रिंगची पट्टी, पूर्ण बसली पाहिजे आणि ती उघडणार नाही अशी कुलूपबंद करता आली पाहिजे.

या जिभेविषयी थोडे थांबून सांगतो. काम सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी एका वाळलेल्या चिंचेसाठी आम्ही क्रेन आणली होती. हुकाच्या जिभेची स्प्रिंग तुटलेली होती आणि ऑपरेटरने ती सळया बांधायच्या बारीक तारेने तीन फेरे देऊन बांधलेली होती. मला ते दिसले होते, आणि तार घट्ट आहे असे म्हणून मी ते चालू दिले. माणसाआधी आम्ही सिमेंटची तीन पोती वर नेली. वर जाताना पोती एका फांदीवर टेकली, क्षणभर दोरी सैल झाली, शॅकल हुकाच्या टोकाकडे सरकला, आणि दोरी पुन्हा ताणली गेली तेव्हा त्याने ती तार तोडून जीभ बाहेर ढकलली. पोती वीस फुटांवरून खाली आली आणि अंगणभर सिमेंट उडाले. हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज) चढवलेला आमचा चढणारा माझ्या शेजारी उभा होता. भार लटकलेला असतो तोवर हुक भरवशाचा असतो. भार क्षणभर सुटतो तेव्हा हुकातून वस्तू निसटते, आणि झाडात शिरणाऱ्या माणसाचा भार फांद्यांवर सतत टेकत-सुटत असतो. तुटलेली, वाकलेली किंवा तारेने बांधलेली जीभ असेल, तर ती क्रेन माणसासाठी वापरू नये.

हुक आणि गोळा स्विव्हलवर, म्हणजे गोल फिरणाऱ्या सांध्यावर, फिरतात, त्यामुळे दोरीला पीळ बसतो. आधारबिंदू आणि दोरी यांच्यामध्ये माणसासाठी मानांकित छोटा स्विव्हल घालावा. दोरी थेट वायर रोपवरून किंवा वायर रोपला वेढा देऊन कधीही नेऊ नये. वायर रोपचा एखादा तुटलेला तंतू करवतीसारखा कापतो, आणि तिच्यावरचे ग्रीस दोरीत शिरले की घर्षणाची गाठ, म्हणजे भार आला की दोरीला आवळून धरणारी सरकती गाठ, घसरू लागते.

दोरी स्वतः कशी लावावी? ती दुहेरी लावावी: एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, मधला भाग वरच्या पुलीतून, आणि खाली येणारा दुसरा पदर घर्षणाच्या गाठीतून किंवा उतरण्याच्या उपकरणातून. याचे कारण सोयीपेक्षा मोठे आहे. क्रेनचे इंजिन वरच बंद पडले, हायड्रॉलिकची नळी फुटली किंवा मोहोळ उठले, तर अशा रचनेत माणूस कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः जमिनीवर उतरू शकतो. त्यासाठी दोरीची लांबी पुरेशी हवी. हुक १८ मीटरवर जाणार असेल तर दोन पदरांना ३६ मीटर लागतात, गाठी आणि फेऱ्यांसाठी आणखी काही मीटर. म्हणून ४५ मीटरची दोरी घ्यावी आणि मोकळ्या टोकाला थांबगाठ मारावी, म्हणजे टोक उपकरणातून निसटणार नाही. उरलेली दोरी खाली लोंबू न देता पिशवीत भरून कमरेला अडकवावी, नाहीतर ती फांदीत अडकते आणि क्रेन वर जात असताना माणसाला खाली ओढते.

साहित्यात तडजोड नको. दोरी झाडावर चढण्यासाठीच बनवलेली, किमान २२ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २२०० किलो तुटण्याची ताकद असलेली हवी. बोअरवेलची किंवा ट्रकवर ताडपत्री बांधायची नायलॉनची दोरी कितीही जाड असली तरी चालत नाही. कॅराबिनर (दोरी अडकवायची झडपेची कडी) आपोआप बंद होऊन आपोआप लॉक होणारा, आणि उघडायला निदान दोन वेगळ्या हालचाली लागणारा असावा. हार्नेस बसून काम करण्यासाठी पुढे आणि कमरेला कड्या असलेला हवा. बांधकामावरच्या पट्ट्याची पाठीवरची कडी पडणाऱ्याला अडवण्यासाठी असते. तिच्यावर लटकून तासभर काम करता येत नाही.

पोत्यांची चाचणी आणि खुणा

माणूस वर जाण्यापूर्वी त्याच्या वजनाएवढेच नव्हे, त्याहून जास्त वजन त्याच मार्गाने वर नेऊन आणावे. ५० किलोची तीन सिमेंटची पोती मजबूत पट्ट्यात बांधली की १५० किलो होतात, आणि करवतीसह माणसाचे वजन त्याच्या आत बसते. पोती ज्या उंचीवर आणि ज्या फांदीजवळ माणूस थांबणार आहे तिथपर्यंत न्यावीत, पाच मिनिटे टांगून ठेवावीत, आणि त्या वेळात एकाने आउटरिगर, एकाने शॅकल आणि एकाने तारांपासूनचे अंतर पाहावे. क्रेनची जागा बदलली, तर चाचणी पुन्हा घ्यावी.

ऑपरेटरला खुणा करणारा माणूस एकच असावा आणि तो ऑपरेटरला व चढणाऱ्याला, दोघांनाही दिसेल अशा ठिकाणी उभा असावा. तर्जनी वर करून गोल फिरवली की हुक वर. हात खाली करून तर्जनी खाली फिरवली की हुक खाली. हात आडवा पसरून तळवा खाली ठेवून मागेपुढे हलवला की थांब. थांबण्याची खूण मात्र कोणीही, अगदी कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या पोरानेही केली तरी ऑपरेटरने थांबावे, हे त्याच्याशी आधी बोलून ठेवावे. वॉकीटॉकी असेल तर तो हेल्मेटला लावावा. माणूस टांगलेला असेपर्यंत ऑपरेटरने केबिन सोडू नये, फोन घेऊ नये, चहाही खाली उतरून पिऊ नये.

वारा ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास गेला की माणूस उचलण्याचे काम थांबवावे. चिंचेच्या बारीक फांद्या सतत हलू लागल्या आणि अंगणातली धूळ-पाचोळा उडू लागला की तो टप्पा जवळ आला असे समजावे. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर विचार न करता उतरवावे, कारण उभारलेली बूम ही आसपासची सर्वांत उंच लोखंडी वस्तू असते. मे महिन्यात काम उजाडताच सुरू करून दहा-साडेदहापर्यंत आटोपावे. ४५ अंशांच्या उन्हात तापलेले शॅकल हातमोज्यांशिवाय धरता येत नाही आणि चढणाऱ्याचे भान सुटायला वेळ लागत नाही.

वर जाणे, सुटणे आणि कापणे

जमिनीवरून सुटण्यापूर्वी चढणाऱ्याने दोरीवर बसून पूर्ण भार टाकावा आणि दुसऱ्या माणसाने प्रत्येक बकल, गाठ आणि कॅराबिनर हात लावून तपासावा. वर जाताना तो फक्त क्रेनला बांधलेला असावा. करवत बंद असावी आणि हार्नेसला छोट्या दोरीने अडकवलेली असावी. हालचाल एका वेळी एकच असावी: आधी वर, मग थांबून बूम फिरवणे. दोन्ही एकदम केल्या की माणूस लंबकासारखा झोके घेतो.

ठरलेल्या जागी पोहोचल्यावर क्रेन पूर्ण थांबते, ऑपरेटर लिव्हरवरून हात काढतो आणि खुणा करणारा तसे सांगतो. मगच चढणाऱ्याने लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेली आखूड दोरी, झाडाभोवती घ्यावा. या क्षणापासून तो दोन ठिकाणी बांधलेला आहे, एक टोक स्थिर झाडाला आणि दुसरे हलू शकणाऱ्या यंत्राला, आणि या अवस्थेत क्रेन बोटभर हलली तरी दोन्हींमध्ये त्याचे शरीर ताणले जाते. म्हणून ही अवस्था शक्य तितकी छोटी ठेवावी: कापाच्या खाली, निकोप भागावर दोरी आणि लॅनयार्ड बांधून भार झाडावर घ्यावा, तो धरतो याची खात्री करावी आणि क्रेनची दोरी सोडून द्यावी. ती सोडल्याची खूण खाली पोहोचल्यावरच हुक ओंडक्याच्या पट्ट्यासाठी मोकळा होतो. क्रेनवर लाकडाचा भार येणार असेल तेव्हा चढणारा क्रेनला बांधलेला नसावा, हा या कामाचा कणा आहे. कापलेला ओंडका अंदाजापेक्षा जड निघाला, फिरला किंवा उसळला, तर क्रेनला बसणारा झटका त्याच दोरीतून माणसाला बसतो.

मग कुजलेल्या झाडावर, जिथे बांधायला निकोप भागच नाही, तिथे काय करावे? अशा वेळी भार असतानाही चढणाऱ्याला क्रेनला बांधून ठेवण्याची मुभा अमेरिकी मानकात कठोर अटींसह आहे. नवख्याने ती घेऊ नये. त्याने क्रेनवरून वर जाऊन ओंडक्याला फक्त पट्टा बांधावा, क्रेननेच खाली यावे, स्वतःची दोरी सोडावी, आणि काप दुसऱ्या गाडीच्या बकेटमधून घ्यावा. दोन यंत्रांचे भाडे दुप्पट होते हे खरे आहे, आणि घरमालकाला ते कामाआधीच स्पष्ट सांगावे.

ओंडक्याचे वजन कापण्यापूर्वी काढावे. ६० सेंटीमीटर जाडीचा, ३ मीटर लांबीचा तुकडा सुमारे ०.८५ घनमीटर भरतो. ओल्या कठीण लाकडाचा घनमीटर निदान एक टन धरला तर तो ८५० किलोंचा होतो, आणि फांद्या-पाने धरून मी तो एक टन समजतो. क्रेनच्या तक्त्यात त्या अंतराला तेवढी क्षमता नसेल तर तुकडा लहान करावा. पट्टा ताणून घ्यायचा तो ओंडक्याच्या वजनाएवढाच. जास्त ताणला तर ओंडका कापल्याबरोबर वर उडी घेतो. काप पूर्ण झाल्यावर चढणाऱ्याने करवत बंद करून खोडाच्या दुसऱ्या बाजूला खाली सरकावे आणि मगच वर उचलण्याची खूण करावी.

अडकलेल्या माणसाला उतरवणे

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि तो काही मिनिटांतच अत्यवस्थ होऊ शकतो. रुग्णवाहिका तालुक्याहून येईपर्यंत वाट पाहता येत नाही. म्हणून चढू शकणारा दुसरा माणूस हार्नेस घालून, वेगळी दोरी सोबत घेऊन खाली तयार असावा, आणि क्रेन चालू असेल तर बेशुद्ध माणूस क्रेननेच सावकाश उतरवावा. १०८ वर फोन कोण करील, पांदण रस्त्यावर गाडी वाट चुकू नये म्हणून मुख्य रस्त्यावर कोण जाऊन उभे राहील, हे सकाळी नावानिशी ठरवावे.

परत क्रेनवर येताना क्रम उलटा असतो. हुकातला लाकडाचा पट्टा काढलेला आहे आणि जीभ बंद आहे हे पाहावे, क्रेनच्या दोरीवर भार घ्यावा, ती धरते याची खात्री झाल्यावर लॅनयार्ड सोडावा, तो कोठेही अडकलेला नाही हे हाताने चाचपावे आणि मग हलण्याची खूण द्यावी. पाय जमिनीवर टेकले तरी हुक थांबल्याशिवाय कॅराबिनर उघडू नये.

संध्याकाळी दोरी पूर्ण लांबीने बोटांमधून काढावी. जिथे ग्रीस लागले असेल, आवरण खरवडले असेल किंवा आतला गाभा मऊ लागत असेल, तिथे खडूची खूण न करता दोरी तिथेच कापून टाकावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी घाईत तीच दोरी कोणी उचलणार नाही.